चौथ्या पिंपाचं पाणी

१

सरोजच्या हातात कुठलंही पान आलं की ती आधी ते उलटं करून बघायची. निफाडला वडलांची तीन एकर द्राक्षबाग होती, आणि लग्नाआधी चार वर्षं ती पिंपळगावच्या एका प्रयोगशाळेत पानांच्या देठांचं परीक्षण करायची, तेव्हापासूनची ही खोड. पानाच्या रंगावरून झाडाला काय कमी पडलंय, काय जास्त झालंय, हे ती शेतकऱ्यांना सांगायची आणि सहसा चुकायची नाही. गिरीशबरोबर दोहाला आल्यावर प्रयोगशाळा सुटली, बाग सुटली आणि सगळ्या कागदांवर तिच्या नावापुढे ‘हाउसवाइफ’ असा शिक्का बसला. खोड मात्र राहिली. दुकानातली मेथीची जुडीसुद्धा ती उलटसुलट करून घ्यायची आणि तेरा वर्षांचा अर्णव दहा पावलं लांब जाऊन ‘मॉम, प्लीज’ म्हणायचा.

बिन महमूद भागातल्या त्यांच्या तीनमजली इमारतीपुढे जास्वंदीची बारा झुडपं होती. कागदोपत्री ती मालकाची. पण त्यांच्यात जीव गुंतलेला होता सरोजचा आणि रहमानचा. रहमान म्हणजे इमारतीचा वॉचमन, म्हसळ्याकडचा. एकोणीस वर्षं जिन्याखालच्या खोलीत राहत होता. पूर्वी तो झुडपांना टँकरचं मचूळ पाणी घालायचा आणि झुडपं कशीबशी तग धरून असायची. सरोजनं त्याला सांगितलं, रहमानभाई, एसीतून गळणारं पाणी साठवा, त्यात क्षार म्हणून नसतात. त्यानं भिंतीलगत चार निळी पिंपं मांडून सगळ्या नळ्या त्यांत सोडल्या. वर्षभरात झुडपं अशी तरारली की येणारेजाणारे फोटो काढायला थांबायचे. त्या फोटोंमध्ये आपण नाही याचं सरोजला कधी वाईट वाटलं नाही, उलट ती वरून बघत गालातल्या गालात हसायची.

रोज सकाळी सहाला ती खाली यायची. त्या दिवशीही आली. सन दोन हजार बावीस, सप्टेंबरचा पहिला रविवार. दीड दिवसाच्या गणपतीला याच झुडपांची एकवीस फुलं वाहिली होती, त्याला जेमतेम चार दिवस झाले होते. पहिल्या आठ झुडपांशी नेहमीसारखं दोन-दोन शब्द बोलून ती नवव्यापाशी आली आणि थांबली.

नऊ, दहा, अकरा, बारा. चौघांचीही पानं कडेनं पिवळी पडली होती.

२

तिनं एक पान तोडून उलटं केलं. खाली ना कोळ्याचं जाळं, ना पिठ्या ढेकूण. लोह कमी पडलं असतं तर शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा झाला असता. इथे उलट होतं. टोक करपलेलं, कडा तपकिरी, आणि पिवळेपणा कडेकडून आत सरकत चाललेला. द्राक्षाला खाऱ्या विहिरीचं पाणी लागलं की पान अगदी असंच दिसतं. हे तिनं आयुष्यात हजार वेळा पाहिलं होतं. मुळांशी मीठ साचलं होतं.

निदान पाच मिनिटांत झालं, पण ते पटेना. या झुडपांना पाणी एसीचं, आणि एसीच्या पाण्यात मीठ येणार कुठून?

ती अजून विचारातच होती तेवढ्यात महिपती आला. महिपती लातूरकडचा, इमारतींची देखभाल करणाऱ्या ऑफिसातला सुपरवायझर. नोव्हेंबरात वर्ल्ड कप सुरू होणार होता आणि इमारतीतली रिकामी घरं सामने बघायला येणाऱ्यांना द्यायची होती. वीस ऑक्टोबरला दुपारी साडेबाराला मालक स्वतः पाहणी करणार होता. महिपतीनं पिवळी झुडपं पाहिली आणि सगळं खापर रहमानच्या डोक्यावर फोडलं. यानं लादी धुण्याचं ब्लीच ओतलं असणार, म्हणाला. वीस तारखेपर्यंत झुडपं हिरवी झाली नाहीत तर उपटून तिथे प्लास्टिकची लावायची आणि रहमानचं परतीचं तिकीट काढायचं, हे त्यानं तिथल्या तिथे ठरवूनही टाकलं.

रहमानच्या धाकट्या मुलीचं, जिक्राचं, नर्सिंगचं शेवटचं वर्ष होतं, पन्नाशी उलटल्यावर गावी जाऊन तो करणार काय होता? महिपती गेल्यावर तो हळूच म्हणाला, "वहिनी, मी काय ओतलं नाय. तुमी सांगितलात तेच पानी घातलं."

पाणी सरोजचं, सल्ला तिचा, आणि नोकरी जाणार रहमानची. "तुमचं तिकीट काढू देणार नाही मी," ती म्हणाली. "हे पान मला फसवून जाणार नाही." बोलून गेल्यावर तिचं तिलाच आश्चर्य वाटलं. कितीतरी वर्षांनी तिच्या आवाजात प्रयोगशाळेतली सरोज आली होती.

३

स्वयंपाकघरातल्या फिल्टरबरोबर गिरीशनं एक पेन आणलं होतं. पाण्यात बुडवलं की त्यात क्षार किती ते आकड्यात सांगायचं. ते घेऊन ती खाली गेली. पहिलं पिंप, एकतीस. दुसरं, अठ्ठावीस. तिसरं, पस्तीस. सगळं जसं असावं तसं.

चौथ्या पिंपात पेन बुडवल्यावर आकडा चढतच गेला आणि तीन हजार चारशे वीसवर थांबला.

तिनं पेन पुसून पुन्हा बुडवलं. तेच. मग तिनं बोट बुडवून जिभेला लावलं. खारट होतं, पण समुद्रासारखं कडवट नव्हे. ही चव तिच्या ओळखीची होती. ऑगस्टमध्ये गाडीपासून दुकानापर्यंत चालत गेलं की वरच्या ओठावर जी चव जमते, ती. तिनं थुंकून टाकलं आणि चार वेळा चूळ भरली.

शेवटची चार झुडपं चौथ्या पिंपाच्या पाण्यावर होती. त्या पिंपात एकच नळी येत होती, दुसऱ्या मजल्यावरच्या सात नंबरची. रहमाननं सांगितलं की सात नंबर जूनपासून रिकामं आहे. आधी तिथे आठ जण राहायचे, रस्त्याच्या कामावरचे. एका दुपारी महिपतीनं येऊन दोन तासांत खोली खाली करायला लावली आणि बसमध्ये बसवून दिलं. कुठे नेलं ते कोणी सांगितलं नाही. एसी चालू राहून गेला असेल, असं समजून रहमाननं नळीकडे लक्ष दिलं नव्हतं.

"पण वीज?" सरोजनं विचारलं.

रहमान तिला मीटरपाशी घेऊन गेला. सात नंबरचं मीटर बंद होतं, वर जूनमधलं सील. आणि तिकडे भिंतीवरून नळी टपटपत होती, अगदी संथ, एका लयीत. मग रहमान पुटपुटला की रिकामी घरं रंगवायला आलेल्या पेंटर लोकांनी काहीतरी घोळ करून ठेवला असेल, आणि सरोजनं लगेच हो म्हटलं.

४

गिरीश इंजिनिअर. त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीचं कारण असायचं, कधीकधी तीन-तीन. शेजारच्या घराची नळी आतून जोडली असेल, कोणी यंत्र धुवायचं रसायन ओतलं असेल, गच्चीवरची टाकी झिरपत असेल. सरोजनं एकेक कारण खोडून काढलं. शेजारच्या नळ्या तपासल्या, सरळ होत्या. रसायन एवढे दिवस टिकणार नाही. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी मोजलं, दोनशेच्या आत. पदर खोचून इमारत वरपासून खालपर्यंत पालथी घालताना तिला भीती वाटत होती हे खरं, पण मजाही येत होती, हेही तितकंच खरं.

शेवटी रहमाननं सात नंबरच्या नळीचं तोंड पक्कं बुजवून टाकलं. दुसऱ्या दिवशी चौथं पिंप जागच्या जागी होतं, थेंबभरही वाढलं नव्हतं. सरोज खूश झाली. सवयीनं तिनं तिसऱ्या पिंपात पेन बुडवलं.

तीन हजार तीनशे नव्वद.

तिसऱ्या पिंपाची नळी सात नंबरची नव्हतीच. ती सरोजच्या स्वतःच्या हॉलमधल्या एसीची होती.

तिनं रहमानला बुजवलेलं तोंड लगेच मोकळं करायला लावलं आणि तिसरं पिंप ओतून, घासून, उलटं घातलं. पाणी पुन्हा चौथ्यात पडू लागलं. अडवून भागणार नव्हतं.

मग तिनं द्राक्षबागेत जे केलं असतं तेच केलं, नोंदी ठेवल्या. नळी किती वाजता सुरू, किती वाजता बंद. पाच-सहा दिवसांच्या नोंदी झाल्यावर एका संध्याकाळी चहा पिताना गिरीशनं ती वही चाळली. पहाटे साडेचारला सुरू. दहाला बंद. दुपारी साडेतीनला सुरू. संध्याकाळी बंद. शुक्रवारी थेंब नाही.

"आमच्या साइटचं टायमिंग तू कशाला लिहून ठेवलंस?" त्यानं विचारलं.

सरोजनं सांगितलं की ती नळीची वेळ आहे. गिरीश हसला. उन्हाळ्यात दहा ते साडेतीन उघड्यावर काम करायला बंदी असते, पंधरा सप्टेंबरपर्यंत, म्हणून साइटचं असं टायमिंग असतं, असं त्यानं समजावलं. योगायोग म्हणाला. मग वही मिटून त्यानं टेबलावर ठेवली, थोडी लांब सरकवली, आणि चहा तसाच राहू दिला.

सरोज कप विसळत होती. दहाला काम थांबतं, तिच्या मनात आलं. मग ऊन उतरेपर्यंत माणसं जातात कुठे? आणि नळ वाहता ठेवून ती तशीच उभी राहिली, कारण उत्तर सोपं होतं. खोलीवर.

५

शहाण्या माणसानं सात नंबरचं दार उघडायचं असेल तर ते सकाळी सातला उघडलं असतं. सरोजनं सोमवारी पावणेअकराला उघडायचं ठरवलं. रोग बघायचा तर तो जागेवर असताना बघायला हवा, असं ती रहमानला म्हणाली. रहमाननं किल्ल्यांचा जुडगा काढला, पण किल्ली तिच्या हातात दिली.

दार उघडताच गरम हवा अंगावर आली. ओल्या कपड्यांचा वास होता, आत्ता कोणाच्या तरी अंगावर असलेल्या कपड्यांचा. खोलीत सामान काही नव्हतं. लादीवर लोखंडी खाटांच्या पायांचे गंजके डाग होते. भिंतीवर एसी नव्हताच. तो महिपतीनं रहमानच्या नकळत जूनमध्येच काढून नेला होता आणि जिथे होता तिथे भोकातून कोरडी नळी डोकावत होती.

खोलीच्या मधोमध पाण्याचा कूलर उभा होता.

सरोजनं तो ओळखला. वर्षानुवर्षं तो फाटकाशी रस्त्यावर असायचा. दारावरून जाणाऱ्या कोणालाही गार पाणी मिळावं म्हणून असे कूलर लोक पुण्यासाठी बसवतात, सबील म्हणतात त्याला. हा मालकाच्या आईच्या नावानं होता. उन्हातून आलेली माणसं त्याच्यापुढे बाटल्या घेऊन उभी असायची. वर्ल्ड कपसाठी केलेल्या नव्या नकाशात तो शोभत नाही म्हणून महिपतीनं जूनमध्ये तो काढला होता, रहमान कुजबुजला, आणि आठ जणांना काढलं त्याच दिवशी इथे आणून टाकला होता.

तेवढ्यात तिचं लक्ष भिंतीकडे गेलं. जमिनीपासून दीड-दोन हात उंचीवर ओलसर डाग होते. खाली बसून भिंतीला पाठ टेकली की जिथे घाम लागेल, तिथे. कडांना मिठाची पांढरी रेघ. एक, दोन, तीन. ती मोजत गेली. सात होते. सातवा तिच्या डोळ्यांदेखत थोडा रुंद झाला, जसं कोणी अंग सैल सोडून नीट टेकून बसावं.

आठवा कुठे, असं तिच्या मनात आलं आणि टक् असा आवाज झाला.

कूलरच्या तोटीचा खटका खाली दाबला गेला होता. त्याला वीज नव्हती, पाण्याची नळी नव्हती. खटका तसाच दाबलेला राहिला, एखादी बाटली भरायला लागेल तेवढा वेळ. मग सुटला. तोटीतून काहीच आलं नाही. थोड्या वेळानं पुन्हा टक्.

सरोजचं डोकं लख्ख झालं होतं. इतके दिवस ती मीठ कुठून येतं ते शोधत बसली होती. कशाची कमी आहे, हे तिनं विचारलंच नव्हतं.

"रहमानभाई," ती म्हणाली, "हा खाली घ्या. आत्ता."

६

दोघांनी तो कूलर जिन्यावरून कसा उतरवला हे नंतर दोघांनाही नीट आठवेना. रहमानचं म्हणणं असं की तो फार हलका लागला, दोघांच्या मानानं फारच हलका. फाटकाशी जुनी पाण्याची जोडणी होती, विजेचं बटण होतं. टाकी घासून, फिल्टर बदलून दोन वाजता कूलर घरघरू लागला. पहिलं पाणी रहमान बिस्मिल्ला म्हणून स्वतः प्यायला आणि दुसरा पेला त्यानं सरोजला दिला.

साडेतीनला ती चौथ्या पिंपाशी घड्याळ लावून उभी राहिली. पावणेचार झाले. चार झाले. नळी कोरडी होती. तिनं वही काढून मोठ्या अक्षरात ‘बंद’ असं लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

मग सुरू झालं तिचं खरं काम. त्यात भूतखेत काही नव्हतं, घाम होता, आणि तो तिचा. करपलेली पानं छाटली. खालची माती टोचून निचरा मोकळा केला. चांगल्या तीन पिंपांचं पाणी चारही झुडपांना दर तिसऱ्या दिवशी भरपूर सोडलं, मुळांशी साचलेलं मीठ खाली धुऊन जाईल इतकं. वर खजुराच्या झावळ्यांचं आच्छादन घातलं. बाहेर वाहून आलेलं पाणी ती पेनानं मोजायची. दोन हजार आठशे. सतराशे. नऊशे. अर्णवला यात अचानक रस वाटू लागला आणि शाळेतून आल्या आल्या तो विचारायचा, "मॉम, टुडेज स्कोअर?"

पंधरा सप्टेंबर उलटली आणि उन्हाळ्याची बंदी संपली. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात नवव्या झुडपाला कोवळी पालवी फुटली. मग दहाव्याला, मग बाकीच्या दोघांना. सरोजनं एक नवं पान न तोडता वाकून उलटं केलं. तळापासून टोकापर्यंत हिरवं. ती तिथेच मातीत बसली आणि डोळ्यांना पदर लावून मनसोक्त रडली. वडलांना फोन करून तिनं नुसतं एवढंच सांगितलं की बाग वाचली.

एक गोष्ट मात्र तिनं वहीत लिहिली नाही. दुपारी बाराच्या जेवणाच्या सुट्टीला, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, कूलरचा खटका वाजायचा. आठ वेळा.

७

वीस ऑक्टोबरला बाराही झुडपं लालभडक फुललेली होती. महिपती पावणेबाराला आला. मालक यायला अवकाश होता. झुडपं पाहून त्याचं तोंड क्षणभर उघडंच राहिलं. मग त्याला कूलर दिसला आणि त्याला बोलायला विषय मिळाला. कोणाला विचारून हे धूड पुन्हा रस्त्यावर ठेवलं, रहमान कोण लागून गेला, नकाशात हे नाही. मालक यायच्या आत हे हललं पाहिजे, आणि मग रहमानचंही बघतो, असं म्हणत तो बाह्या सरसावून बटणाकडे निघाला.

रहमान कूलरपुढे आडवा आला. त्याच्या हातात काहीच नव्हतं, पण तो हलला नाही.

सरोजला माहीत होतं की कूलर गेला तर काय होईल. उद्या पहाटे नळी सुरू होईल, महिनाभरात पानं करपतील आणि खापर पुन्हा याच माणसावर फुटेल. तिनं घड्याळ पाहिलं. बाराला दोन मिनिटं होती. आयुष्यात कधी नव्हे इतकं तिला शांत वाटलं.

"काढा की," ती म्हणाली. "फक्त दोन मिनिटं थांबा."

"कशापायी थांबू, मॅडम? मला वर उत्तर द्यायचंय."

महिपतीनं रहमानला बाजूला सारून हात बटणाकडे नेला आणि त्याच वेळी टक् असा आवाज झाला.

खटका खाली गेला होता. तोटीतून पाण्याची जाड धार सुटली. उन्हात ती स्वच्छ दिसत होती. तोटीपासून वीतभर खाली येत होती आणि तिथेच संपत होती. खालची जाळी कोरडी होती. महिपती त्या कोरड्या जाळीकडे बघत राहिला. खटका सुटला, धार थांबली, आणि थोड्या वेळानं पुन्हा टक्.

त्याचा हात हळूहळू खाली आला. गरम रस्त्यावर, कूलरपासून फाटकापर्यंत, ओल्या पावलांचे ठसे उमटले होते, एकामागे एक, शिस्तीत. पुढचे वाळत होते आणि मागचे पुढे सरकत होते. महिपती बरोबर त्यांच्या मध्ये उभा होता.

रहमान अगदी हळू, समजावणीच्या सुरात बोलला.

"साहेब, लाईन मोडू नका. तुमचा नंबर नववा हाय."

महिपती मागे गेला. तो शेवटच्या ओल्या ठशामागे जाऊन उभा राहिला आणि खटका वाजेल तसा एकेक पाऊल पुढे येत गेला. सहा. सात. आठ. मग तो वाकला आणि दोन्ही हातांची ओंजळ करून पाणी प्यायला. किती वेळ पीत होता कोण जाणे. जून महिन्यापासून तहानलेला असावा तसा तो पीत होता.

मालकाची गाडी आली तेव्हा तो तोंड पुसत होता. मालक म्हातारा होता, काठी टेकत आला. त्याची नजर झुडपांवर गेली, मग कूलरवर थांबली. त्यानं कूलरवरच्या आईच्या नावावर हात ठेवला आणि हे इतकं नीट कोणी सांभाळलं, असं इंग्रजीत विचारलं. महिपतीनं रहमानकडे बोट दाखवलं. मग जरा थांबून, कोणी न सांगता, सरोजकडे.

संध्याकाळी रहमाननं जिक्राला फोन लावून दिला आणि जिक्रा सरोजशी अर्धा तास बोलली. फोन ठेवून सरोज खाली झुडपांपाशी आली. बाराव्या झुडपाचं सगळ्यात वरचं, टपोरं फूल तोडून तिनं कूलरवर ठेवलं. जिन्यावर पाय ठेवते न ठेवते तोच तिच्या मागे टक् असा आवाज झाला. ती वळून बघायला थांबली नाही. सकाळी सहाला ती खाली आली तेव्हा फूल कूलरवर नव्हतं. चौथं पिंप कोरडं ठणठणीत होतं. त्याच्या कडेवर ते ठेवलेलं होतं, ताजं, देठ व्यवस्थित आत वळवून.

सरोजनं ते उचललं आणि सवयीनं उलटं करून पाहिलं. कुठेही मिठाची पांढरी रेघ नव्हती.